खोल पाण्यातील खडकाळ तळावरच्या माशांची सुरक्षित मुक्तता : नियम, साधने आणि त्यांमागील विज्ञान

गोषवारा :

लहान आकाराचा, बंदी काळातील किंवा ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक मिळालेला मासा समुद्रात परत सोडावा, असा नियम अनेक देशांत आहे. तो मासा पुढे जगेल हे या नियमात गृहीत धरलेले असते. खोल पाण्यातून वेगाने वर ओढलेल्या माशांच्या बाबतीत हे गृहीत अनेकदा खोटे ठरते. प्रस्तुत लेखात दाबबदलामुळे माशाच्या शरीरात होणाऱ्या घडामोडी, त्यांवर उपाय म्हणून वापरात आलेली साधने आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः मेक्सिकोच्या आखातात, २००८ पासून बदलत गेलेले नियम यांचा परिचय करून दिला आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात या विषयाचे महत्त्व शेवटी थोडक्यात मांडले आहे.

बीजसंज्ञा : दाबाघात, वाताशय, उतरण साधन, वायुमोचन, रेड स्नॅपर, मत्स्यव्यवस्थापन.

१. प्रस्तावना :

मत्स्यसंपत्तीचे रक्षण करण्यासाठी शासन सामान्यतः तीन प्रकारची बंधने घालते. पहिले बंधन आकारमानाचे, दुसरे संख्येचे आणि तिसरे हंगामाचे असते. या तिन्ही बंधनांचा व्यवहारातील अर्थ एकच होतो. जो मासा ठेवण्यास परवानगी नाही तो गळाला लागल्यास परत सोडून द्यावयाचा. उथळ पाण्यात हा उपाय बऱ्याच प्रमाणात यशस्वी होतो. मासा थोडा थकलेला असतो, ओठाला जखम असते. परंतु तो पोहत निघून जातो.

तीस, चाळीस किंवा साठ मीटर खोलीवरील खडकाळ तळावरून वर आणलेल्या माशाची स्थिती निराळी असते. त्याचे पोट फुगलेले, डोळे खोबणीतून बाहेर आलेले आणि जठर तोंडावाटे बाहेर लोंबत असते. असा मासा पाण्यात टाकला तरी तो खाली जाऊ शकत नाही. तो पृष्ठभागावर उलटा तरंगत राहतो आणि उन्हाने, श्वास कोंडून किंवा शार्क, डॉल्फिन व समुद्रपक्षी यांच्या तोंडी पडून मरतो. नियमाचे पालन झालेले असते, पण मासा वाचलेला नसतो. नियम आणि परिणाम यांमधील ही दरी भरून काढण्याचा प्रयत्न गेल्या दोन दशकांत कसा झाला, हे पाहणे मत्स्यविज्ञानाबरोबरच कायदा, अर्थशास्त्र व पर्यावरण या विषयांच्या अध्यापकांनाही उद्बोधक वाटेल.

२. दाबाघात : शास्त्रीय पार्श्वभूमी

पाण्यात विनासायास एका पातळीवर राहता यावे यासाठी बहुसंख्य अस्थिमत्स्यांच्या उदरपोकळीत वायूने भरलेली पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. वाताशयाच्या रचनेनुसार माशांचे दोन गट पडतात. रोहू, कटला यांसारख्या माशांत वाताशय व अन्ननलिका यांना जोडणारी एक नळी असते. त्यामुळे वायू वाढल्यास तो तोंडावाटे बाहेर टाकता येतो. स्नॅपर, ग्रुपर, रॉकफिश या गटांतील प्रौढ माशांत अशी नळी नसते. त्यांच्या वाताशयात वायू येतो तो रक्तातून, वायुग्रंथी व केशवाहिन्यांच्या दाट जाळ्याच्या साहाय्याने. आणि परत जातो तोही रक्तात शोषला जाऊनच. ही क्रिया अतिशय मंद असते. गळाला लागलेला मासा मात्र एक-दोन मिनिटांतच वर येतो.

येथे बॉइलचा नियम लागू पडतो. तापमान कायम असता वायूचे घनफळ दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर दाब १ वातावरण धरल्यास ४० मीटर खोलीवर तो ५ वातावरण होतो. म्हणजे ४० मीटरवरून वर आलेल्या माशाच्या वाताशयातील वायू, पिशवी न फुटल्यास, पाचपट जागा मागतो. ६० मीटरवरून आलेल्या माशात तो सातपट होतो. या वाढीचा मोठा भाग अखेरच्या टप्प्यात घडतो. शेवटच्या १० मीटरमध्येच दाब निम्मा व घनफळ दुप्पट होते.

उदरपोकळीत एवढी जागा नसते. त्यामुळे वाताशय ताणले जाते व अनेकदा फाटते. सुटलेला वायू पोकळीत पसरून जठर तोंडाकडे व आतडे गुदद्वाराकडे ढकलतो. डोळ्यांमागे वायू साचून ते बाहेर येतात. रक्तात विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडून ऊतींना इजा करतो. या सर्व लक्षणसमूहाला इंग्रजीत बॅरोट्रॉमा अशी संज्ञा आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'दाबाघात' हा शब्द वापरला आहे.

दाबाघाताची लक्षणे भीषण दिसत असली तरी ती नेहमीच प्राणघातक नसतात, ही या विषयातील महत्त्वाची गोष्ट होय. मासा लवकर मूळ दाबात पोहोचला, तर वायू पुन्हा आकुंचन पावतो, जठर व डोळे आपल्या जागी जातात, आणि वाताशयाची फाटही काही दिवसांत भरून येऊ शकते. दक्षिण कॅलिफोर्नियातील रॉकफिशवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिंजऱ्यातून पुन्हा खोलीवर नेलेल्या माशांपैकी सुमारे ६८ टक्के मासे दोन दिवसांनंतर जिवंत आढळले. मासा पृष्ठभागावर किती वेळ ठेवला गेला आणि तळाचे व पृष्ठभागाचे तापमान यांत किती फरक होता, या दोन घटकांचा जगण्यावर ठळक परिणाम दिसला. अलास्कात यलोआय रॉकफिश या जातीवरील २०११ च्या अभ्यासाचे निष्कर्ष अधिक बोलके आहेत. खोलीवर नेऊन सोडलेले सुमारे ९८ टक्के मासे १७ दिवसांनंतर जिवंत असल्याचा अंदाज निघाला. उलट, पृष्ठभागावर सोडलेल्यांपैकी स्वतःहून खाली जाऊ शकणाऱ्यांचे प्रमाण अवघे २२ टक्के होते. ही जात शंभर वर्षांहून अधिक जगू शकते. अशा जातीचा एकेक प्रौढ मासा वाचविणे किती मोलाचे आहे, हे यावरून लक्षात येते.

३. साधने व त्यांचा वापर :

दाबाघात झालेल्या माशाला मदत करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याच्या शरीरातील अतिरिक्त वायू बाहेर काढणे. दुसरा, त्याला वजनाच्या साहाय्याने खाली नेऊन सोडणे. पहिल्याला वायुमोचन व दुसऱ्याला उतरण असे म्हणता येईल.

(अ) वायुमोचन सुई : हे धारदार टोकाचे, आतून पोकळ असे साधन असते. दट्ट्या काढलेली इंजेक्शनची सिरिंज किंवा पोकळ लाकडी दांड्यात बसविलेली १६ गेजची सुई यासाठी चालते. चाकू किंवा बर्फ फोडण्याचा टोच्या चालत नाही. कारण त्यांनी भोक पडते, पण वायूला बाहेर येण्यास मार्ग मिळत नाही आणि आतील अवयवांना इजा होते. छातीच्या पराच्या बुडापासून एक ते दोन इंच मागे, खवल्याखालून, सुमारे ४५ अंशांच्या कोनात सुई आत घालावयाची व वायू सुटू लागताच थांबावयाचे, अशी पद्धत आहे.

येथे एक चूक सर्रास होते. तोंडातून बाहेर आलेला फुगा म्हणजेच वाताशय, असे समजून अनेक मासेमार तोच टोचतात. वास्तविक तो फुगा म्हणजे उलटे झालेले जठर असते. ते टोचल्याने माशाच्या इजेत भर पडते. जठर हाताने आत ढकलण्याचीही आवश्यकता नसते. वायूचा दाब कमी होताच ते आपोआप आत जाण्यास वाव मिळतो.

(आ) उतरण साधने : यांचे प्रकार अनेक आहेत. सर्वांत साधा प्रकार म्हणजे वजन बांधलेला उलटा गळ. गळाला काटेरी अडक नसते. तो माशाच्या खालच्या जबड्यात अडकवून दोरीने मासा खाली सोडतात आणि इच्छित खोलीवर झटका देताच तो सुटतो. दुसरा प्रकार ओठ धरणाऱ्या चिमट्याचा. यांपैकी काही चिमटे पाण्याच्या दाबावर चालतात. ठरविलेली खोली, उदाहरणार्थ ५०, १०० किंवा १५० फूट, आली की चिमटा आपोआप उघडतो. तिसरा प्रकार पेटीचा. दुधाच्या पिशव्या ठेवण्याच्या जाळीदार प्लॅस्टिक क्रेटला वजन बांधून तो उलटा पाण्यात सोडला की तरंगू पाहणारा मासा त्याच्याखाली अडकून राहतो व क्रेटबरोबर खाली जातो. दोरी वर ओढली की मासा खालच्या उघड्या बाजूने बाहेर पडतो. एकाच वेळी अनेक मासे सोडावयाचे असल्यास ही पद्धत सोयीची व अल्पखर्चाची ठरते.

उतरण साधनाचा लाभ असा, की माशाच्या शरीरात छिद्र पाडावे लागत नाही, त्यामुळे कौशल्य थोडे कमी पुरते. शिवाय मासा पृष्ठभागाजवळच्या उष्ण थरातून व तेथील भक्षकांच्या टप्प्यातून त्वरित बाहेर पडतो. तोटा असा, की प्रत्येक माशामागे काही वेळ जातो, एक दोरी अडकून पडते आणि शार्क जवळ असल्यास खाली जाणाऱ्या माशावरही हल्ला होऊ शकतो. अशा वेळी जागा बदलणे हाच उपाय उरतो.

(इ) पूरक साधने : गळ गिळला गेल्यास होणारी इजा ही दाबाघाताइतकीच घातक असते. टोक आत वळलेला वर्तुळाकार गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, म्हणून नैसर्गिक आमिषासोबत त्याचा वापर सुचविला जातो. गळ न गंजणाऱ्या पोलादाचा नसावा, अशीही अट असते. कारण तो माशात राहिलाच तर कालांतराने झिजून गळून पडावा. गळ चटकन काढण्याचे साधन हाताशी असल्यास मासा हवेत राहण्याचा वेळ कमी होतो.

४. नियमांची वाटचाल : मेक्सिकोचे आखात

रेड स्नॅपर ही मेक्सिकोच्या आखातातील आर्थिकदृष्ट्या महत्त्वाची व हौशी मासेमारांची आवडती जात. ती पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते. आखाताच्या संघराज्यीय जलक्षेत्रात हौशी मासेमारांसाठी किमान लांबी १६ इंच आणि प्रत्येकी दोन मासे अशी मर्यादा, शिवाय हंगामाचे बंधन, यांमुळे परत सोडल्या जाणाऱ्या माशांची संख्या फार मोठी असते.

जून २००८ पासून या क्षेत्रात खडकाळ तळावरील मासे पकडणाऱ्या नौकांवर वायुमोचन सुई, गळ काढण्याचे साधन आणि नैसर्गिक आमिषासोबत न गंजणारे पोलाद वगळून अन्य धातूचे वर्तुळाकार गळ बाळगणे सक्तीचे करण्यात आले. हेतू चांगला होता, तथापि शास्त्रीय आधाराविषयी लवकरच शंका उपस्थित झाली. टेक्सास टेक विद्यापीठातील जीन वाइल्ड यांनी २००९ मध्ये तोवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वायुमोचनामुळे माशांचे जगण्याचे प्रमाण वाढते असा पुरावा त्यांना आढळला नाही. अधिक खोलीवरून आणलेल्या माशांना त्यापासून अपाय होण्याची शक्यता त्यांनी दर्शविली. सुई चुकीच्या जागी टोचली जाण्याचा धोका होताच. अखेर २०१३ मध्ये सुईची सक्ती मागे घेण्यात आली.

यानंतरच्या संशोधनाने चित्र पुन्हा काहीसे पालटले. माशांना ध्वनिलहरी सोडणारी खूणयंत्रे बसवून त्यांचा दिवसेंदिवस माग घेणे शक्य झाले. पूर्वीचे बरेच अभ्यास पिंजऱ्यातील माशांवर किंवा परत पकडलेल्या खूणबद्ध माशांवर अवलंबून होते. पिंजऱ्यात भक्षक नसतात, त्यामुळे प्रत्यक्ष मृत्यूचे प्रमाण कमी दिसण्याची शक्यता असते. आखाताच्या पश्चिम भागातील रेड स्नॅपरवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वायुमोचन केलेले व खोलीवर उतरविलेले मासे हे तसेच पृष्ठभागावर सोडलेल्या माशांपेक्षा अधिक जगल्याचे दिसले. खोली वाढेल तसे आणि उन्हाळ्यात जगण्याचे प्रमाण घटते, हेही स्पष्ट झाले. योग्य रीतीने केलेले वायुमोचन काहीच न करण्यापेक्षा बरे, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

या पार्श्वभूमीवर अमेरिकी काँग्रेसने 'डिसेंड' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा २०२० चा कायदा संमत केला. त्याच्या तरतुदी जानेवारी २०२२ पासून अमलात आल्या. त्यानुसार आखाताच्या संघराज्यीय जलक्षेत्रात खडकाळ तळावरील मासे पकडणाऱ्या व्यावसायिक व हौशी अशा दोन्ही प्रकारच्या नौकांवर वायुमोचन सुई किंवा उतरण साधन, वापरास सज्ज स्थितीत, ठेवणे बंधनकारक झाले. उतरण साधनाला किमान १६ औंस, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम वजन व किमान ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर दोरी असावी, असे ठरविण्यात आले. कायद्याला पाच वर्षांची मुदत घातलेली होती.

साठ फुटांच्या अटीमागील गणित पाहण्यासारखे आहे. १८ मीटरवर दाब सुमारे २.८ वातावरण असतो. ४० मीटरवरून आलेल्या माशात पृष्ठभागावर पाचपट झालेला वायू तेथे मूळच्या सुमारे १.८ पट उरतो. ६० मीटरवरून आलेल्या माशात मात्र तो अद्याप अडीचपट असतो. म्हणून ६० फूट ही किमान मर्यादा समजावयाची. मासा जेवढ्या खोलीवरून आणला तेवढ्या खोलीच्या शक्य तितक्या जवळ सोडणे इष्ट. मोठ्या, अधिक फुगलेल्या माशाला खाली नेण्यासाठी वजनही वाढवावे लागते.

कायद्याबरोबर प्रशिक्षणाचीही जोड देण्यात आली. एप्रिल २०१० मधील डीपवॉटर होरायझन तेलगळतीनंतर पर्यावरणाच्या पुनःस्थापनेसाठी मिळालेल्या निधीतून आखातातील हौशी मासेमारांना प्रशिक्षण व विनामूल्य उतरण साधने देणारा उपक्रम चालविण्यात आला. तेलगळतीने झालेल्या हानीची भरपाई अन्य कारणाने होणारे मृत्यू कमी करून करावी, ही त्यामागील कल्पना.

५. अन्य प्रदेशांतील नियम : तुलनात्मक दृष्टिक्षेप

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यापासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंतच्या दक्षिण अटलांटिक क्षेत्रात १५ जुलै २०२० पासून उतरण साधन बाळगणे सक्तीचे झाले. वजन व दोरीच्या अटी आखातातल्याप्रमाणेच आहेत. मात्र वायुमोचन सुई हा तेथे पर्याय मानला जात नाही. २८ अंश उत्तर अक्षांशाच्या उत्तरेस वर्तुळाकार गळांचीही अट आहे. या क्षेत्रातील रेड स्नॅपरची स्थिती प्रस्तुत विषयाचे गांभीर्य दाखवून देते. २०२४ मध्ये हौशी मासेमारांना या जातीसाठी संपूर्ण वर्षात केवळ एक दिवसाचा हंगाम मिळाला. उरलेल्या दिवसांत इतर जातींसाठी टाकलेल्या गळांना रेड स्नॅपर लागतच राहते, ती परत सोडली जाते आणि तिच्यातील काही हिस्सा मरतो. हे मृत्यूही एकूण मत्स्यमरणात धरावे लागतात. त्यामुळे हंगामासाठी फारसे काही शिल्लक उरत नाही. परत सोडलेले मासे अधिक प्रमाणात जगू लागले, तर त्याचा लाभ अखेर मासेमारालाच मिळणार असतो.

ऑरेगनमध्ये २०१७ पासून उतरण साधनाची सक्ती आहे. अलास्कात १ जानेवारी २०२० पासून समुद्रात हौशी मासेमारी करणाऱ्या नौकांवर असे साधन आवश्यक ठरले, आणि न ठेवावयाचा रॉकफिश पकडलेल्या खोलीवर किंवा किमान १०० फुटांवर सोडावा, असेही बंधन घालण्यात आले. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. आखातातील व दक्षिण अटलांटिकमधील नियमांचा भर साधन नौकेवर असण्यावर आहे. अलास्कातील नियम ते वापरण्याची सक्ती करतो. साधन आहे की नाही हे तपासणे सोपे, वापरले की नाही हे तपासणे कठीण. परंतु खणात पडून राहिलेल्या साधनाने एकही मासा वाचत नाही. म्हणूनच पॅसिफिक किनाऱ्यावर काही रॉकफिश जातींसाठी, उतरण साधनाने सोडलेल्या माशांचा मृत्युदर हिशेबात कमी धरण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. वापर वाढला की मृत्यूंचा हिशेब घटतो, हे मासेमाराला प्रत्यक्ष आकड्यात दिसते. दंडाच्या भीतीपेक्षा हे प्रोत्साहन अधिक टिकाऊ असण्याची शक्यता आहे.

६. महाराष्ट्राच्या संदर्भात :

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान निश्चित केले. अशा नियमाचे यश दोन गोष्टींवर अवलंबून असते. लहान मासा मुळात पकडला जाऊ नये, आणि पकडला गेलाच तर परत सोडल्यावर जगावा. ट्रॉल जाळ्यात दीर्घकाळ दाबला गेलेला मासा नौकेवर येईतो बहुधा मेलेलाच असतो. तेथे जाळ्याच्या आसाचा आकार हाच खरा उपाय. गळाने पकडल्या जाणाऱ्या हेकरू, तांबोशी यांसारख्या खडकाळ तळावरील माशांच्या बाबतीत मात्र दाबाघाताचा प्रश्न लागू पडतो. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँकेचा माथाच पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे. म्हणजे तेथून वर आलेल्या माशातील वायू किमान तिप्पट होतो. सर्व जातींना हा धोका सारखा नसतो. सुरमई व मुशी यांना वाताशयच नसते.

घोळ या माशाचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. पालघरच्या किनाऱ्यावर ज्या पिशवीमुळे घोळीला प्रचंड किंमत येते, ती पिशवी म्हणजे तिचे वाताशयच. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत हीच जात ब्लॅक ज्यूफिश या नावाने ओळखली जाते. खोल पाण्यातून वर आणल्यास तिला तीव्र दाबाघात होतो, असे तेथील अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे आपली मर्यादा पूर्ण होताच खोल खडकावरील मासेमारी थांबवावी, पकडून सोडण्याचा खेळ तेथे करू नये, असा सल्ला तेथील मासेमारांना दिला जातो. कोणतेही साधन सर्व मासे वाचवू शकत नाही, याची ही स्पष्ट कबुली होय.

७. निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

(१) मासा परत सोडणे आणि मासा वाचविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सुमारे १० मीटरपलीकडील खोलीवर हा भेद महत्त्वाचा ठरू लागतो व खोलीबरोबर तो वाढत जातो.

(२) फुगलेला मासा मेल्यातच जमा आहे, ही समजूत चुकीची आहे. त्वरेने मूळ दाबात नेल्यास अनेक जातींचे मासे मोठ्या प्रमाणात जगतात. मात्र जातिपरत्वे, खोलीनुसार व तापमानानुसार हे प्रमाण बदलते.

(३) साधा जाळीदार क्रेट, वजन व दोरी एवढ्यावरही हे काम होऊ शकते. खर्चापेक्षा वेळ, सवय व योग्य ज्ञान यांचा अभाव हा मोठा अडसर आहे.

(४) मेक्सिकोच्या आखातात २००८ मध्ये लादलेली, २०१३ मध्ये मागे घेतलेली आणि २०२२ मध्ये पर्यायाच्या रूपात परत आलेली सुई हे धरसोडीचे लक्षण मानता येणार नाही. पुराव्यानुसार नियम बदलण्याची तयारी त्यातून दिसते. तथापि शास्त्रीय तपासणी आधी व सक्ती नंतर, हा क्रम पाळला गेला असता तर मासेमारांचा नियमावरील विश्वास अधिक टिकला असता.

(५) नियम तयार करताना किनाऱ्यावर उतरलेल्या माशांबरोबरच परत सोडल्यावर मेलेल्या माशांचाही हिशेब मांडला पाहिजे. किमान आकारमानाचे नियम अलीकडेच स्वीकारलेल्या महाराष्ट्रात कोणत्या जातीचा, कोणत्या खोलीवरून आणलेला मासा सोडल्यावर किती प्रमाणात जगतो, याचा स्थानिक अभ्यास हाती घेणे उपयुक्त ठरेल. किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व मत्स्यविज्ञान विभागांना मच्छीमार सहकारी संस्थांच्या सहकार्याने असा अभ्यास करता येण्यासारखा आहे.